कमानीखालून गेलेली कुत्री

मागच्या दिवाळीत आमच्या शेजारच्या प्राध्यापकांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. तळहातावर बसलेलं पांढरं, केसाळ पिल्लू. "साहेब, यवतमाळलाच एक जण विकतो. मोठं झाल्यावरही मांडीवर मावेल एवढंच राहतं म्हणतो. पोरीने हट्ट धरलाय. घेऊ का?" मी त्यांना बसवून घेतलं आणि चहा गार होईपर्यंत एक हकीकत सांगितली. तीच इथे लिहितो आहे. खुनाच्या तपासातले कितीतरी चेहरे मी विसरलो, दरोड्यातले आरोपी समोर आले तर आज ओळखणार नाही. ती पांढरी कुत्री मात्र डोक्यातून जात नाही, आणि ती आठवली की अजूनही माझं डोकं सणकतं. नावं कुणाचीच देणार नाही. ज्याचं नाव चव्हाट्यावर यायला हवं होतं त्याला कोर्टाने निर्दोष सोडलं, आणि जिचं येऊ नये ती आधीच पुरेशी बदनाम झाली.

मी तेव्हा यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, ढाणकी-फुलसावंगीच्या पट्ट्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. कापसाचे दिवस फार वाईट होते. त्यावर इतकं लिहून झालंय, इतके पुढारी रडून गेलेत, की मी त्यात भर घालत नाही. पोलिसाच्या खुर्चीतून जे दिसलं तेवढंच सांगतो. कापूस बुडाला की गावात जोडधंदा विकणारे येतात. कुणी ससे घेऊन येतो, कुणी औषधी मुळ्या, कुणी शहामृगाच्या चुलतभावासारखे पक्षी. बोलणं सगळ्यांचं एकच. जनावर आमच्याकडून न्या, वाढवा, पिल्लं आम्हीच परत घेऊ, विकायची चिंता नको. नंतर तो माणूस सापडत नाही, आणि सापडलाच तर ओळख देत नाही.

त्या वर्षी जो आला तो कुत्री घेऊन आला. सगळे त्याला शेठ म्हणत. बोलणं गोड, कपडे कडक इस्त्रीचे. गावाबाहेर बंद पडलेल्या जिनिंगचं, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचं, आवार त्याने भाड्याने घेतलं होतं. नागपूर-पुण्याला फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना लहानच कुत्री लागतात, मोठी चालत नाहीत, म्हणून या जातीला सोन्याचा भाव आहे, असं तो बचत गटांच्या बायांना जमवून सांगे. बाया कुत्र्याला घरात न घेणाऱ्या. पण शेठला आमची माणसं बरोबर कळली होती. आपल्याकडे मुलगी पाहायला गेलं की आधी तिच्या आईकडे बघतात. आई कशी दिसते, कशी चालते, त्यावरून मुलगी पुढे कशी होईल याचा अंदाज बांधतात. शेठने तेच केलं. टेबलावर एक इवलीशी पांढरी कुत्री, गळ्यात लाल फीत बांधून बसवलेली. "ही आई. हिच्याकडे पाहा आणि मग पिल्लू उचला." बाया हरखून गेल्या. एकीने तर त्या कुत्रीला कुंकू लावलं आणि पेढा खाऊ घातला, असं मला पुढे कळलं.

आणि त्याच्याकडे एक कमान होती. लोखंडी पट्टीची, लाल रंग दिलेली, बसायच्या स्टुलाएवढी उंच. तिच्याकडे बोट करून तो म्हणे, "वर्षभराने तुमची कुत्री या कमानीखालून न वाकता गेली, तर ती अस्सल लहान जातीची. तिची जन्मभरची पिल्लं मी घेईन. नाही गेली, तर तुम्ही वाढवताना जात बिघडवली असं समजेन. भारंभार खाऊ घालू नका, अर्धी पोळी पुष्कळ झाली." पुढे काय घडणार याचा दोष त्याने पहिल्याच दिवशी बायांच्या पदरात बांधून ठेवला होता. पैसे नसतील तर वस्तू चालेल, हेही तो सांगे. कुणी शेळी दिली, कुणी पितळेची भांडी.

एका बाईने शिलाई मशीन दिली. ही गोष्ट तिची आहे.

ती एका दुपारी ठाण्यात आली ती नायलॉनच्या पिशवीतून कुत्रीचं तोंड बाहेर काढूनच. नवऱ्याने टाकलेली, भावाच्या घरी ओसरीच्या कोपऱ्यात राहणारी, तिशीतली बाई. ठाणे अंमलदाराच्या टेबलावर आमचा हवालदार होता. माणूस मनाने चांगला, जीभ मात्र सैल.

"काय व बाई, कुत्र्याचा रिपोर्ट देता का? चावलं काय कोनाले?"

"नाई साहेब. चावलं असतं तं बरं झालं असतं."

"मंग झालं काय?"

"लहान राह्यली," ती म्हणाली.

हवालदार इतका हसला की आतल्या खोलीतून मी बाहेर आलो. बाई हसली नाही, रडलीही नाही. मी तिला खुर्ची दिली. तिने सांगितलं ते असं. गटातल्या बाकी सगळ्यांच्या कुतऱ्या मोठ्या झाल्या, कमानीला अडकल्या. शेठने त्यांच्या तोंडाला पाने पुसली. हिची एकटीची गेली.

"साऱ्या गावासमोर गेली, साहेब. शेठनं टाळ्या वाजवल्या. म्हने, पाहा, हिनं जात राखली, तुमी बिघडवली. आता म्हनते, पिल्लं आन, मंग बोल. पिल्लं कुठून आनू? माही कुत्री माजावरच येऊन नाई राह्यली. मशीन वापस द्या म्हनलं तं म्हनते, मशीन कायची?"

"मशीन काहून देल्ली पन तुमी?" हवालदाराने विचारलं. आता तो हसत नव्हता.

"लोकं कपडे शिवतात काय आता? दिवाळीले एक ब्लाउज नाई आला माह्याकडं. भावाच्या घरात किती दिवस राहू? वाटलं, पिल्लं विकून एसटी स्टँडजवळ खोली घेईन. मशीन पुन्हा घेईन." मग म्हणाली, "मशीन माह्या बापानं लग्नात देल्ली होती. नवऱ्याच्या घरून मी तेवढीच आनली."

मी कुत्रीच्या पाठीवर हात ठेवला. केस इतके दाट की नजरेला काही दिसत नव्हतं. हाताखाली फासळ्या लागल्या, एकेक मोजता येईल अशा. मी बाईकडे पाहिलं. तिने पिशवीचे बंद जवळ ओढले आणि खाली मान घातली.

आता कायद्याचं सांगतो. कुत्रं मोठं झालं किंवा लहान राहिलं, हा गुन्हा नाही. दिलेला शब्द न पाळणं हाही फौजदारी गुन्हा नाही, ती दिवाणी बाब. फसवणुकीचं कलम लावायचं तर आरोपीची नियत पहिल्या दिवसापासून खोटी होती हे दाखवावं लागतं. शेठ छाती पुढे काढून म्हणणार होता की साहेब, जनावर आहे, कमी-जास्त होतं. आणि त्याला खोटं पाडायला माझ्याकडे काही नव्हतं.

ते काही मिळालं एका मिस्त्रीकडून. एसटी स्टँडला लागून त्याचं दुचाकी दुरुस्तीचं दुकान होतं, पाण्याच्या मोटारीही करायचा. पोलिसांशी सलगी ठेवणारा नव्हता, उलट ठाण्यासमोरून जाताना गाडीचा वेग वाढवणारा. माझी गाडी त्याच्याकडे ब्रेकला गेली तेव्हा पाना पुसत म्हणाला, "साहेब, मले कोनाच्या लफड्यात नाई पडायचं. पन देखा हुआ बोलना पडता."

"बोला ना."

"जिनिंगमधी मोटर बनवाले गेलतो. पुढं ती छोटी कुत्री टेबलावर, दुल्हन के माफिक. मोटर मागच्या गोदामाकडं. तिथं देखतो तं काय, सफेद कुत्रे, हे एवढे," त्याने हात कमरेपर्यंत नेला, मग प्रामाणिकपणे थोडा खाली आणला. "पिल्लाले दूध तिकडच्या कुतऱ्या पाजून राह्यल्या. पुढची नाई. शेठनं मले देखलं तं पहिले चाय पाजली, मंग म्हने इकडं यायचं काम नाई. साहेब, चोर नसता तं चाय काहून पाजली असती?"

त्याचं ते शेवटचं वाक्य मी पुढे अनेक तपासांत वापरलं आहे.

दुसऱ्या दिवशी दोन पंच, तालुक्याचे पशुवैद्यकीय डॉक्टर, मशीन ओळखायला ती बाई आणि माझे कर्मचारी घेऊन मी जिनिंगवर गेलो. जाळ्यांना जुना कापूस चिकटलेला होता, त्यात कुत्र्यांचे पांढरे केस. टेबलावरची कुत्री डॉक्टरांनी उलटी करून तपासली. ते म्हणाले, "हिला आजवर एकदाही पिल्लं झालेली नाहीत. ही कुणाची आई नाही." मागच्या गोदामात मिस्त्रीने सांगितलेलं सगळं होतं. मोठ्या हाडाच्या तीन-चार कुतऱ्या, त्यांना लुचणारी पिल्लं, आणि साखळीला बांधलेला एक दांडगा पांढरा नर. कमान दाराशीच होती. शिलाई मशीन पोत्याखाली झाकलेली. पंचनामा केला, मशीन आणि कमान जप्त केली, जनावरं डॉक्टरांच्या सल्ल्याने तिथेच पहाऱ्यात ठेवली.

डॉक्टरांना मी वाटेत विचारलं की हे पिल्लू किती मोठं होणार, हे आधी कळतं का हो? ते म्हणाले, "महिन्याभराचं केसाळ पिल्लू पाहून मीसुद्धा छातीठोक सांगणार नाही. आई पाहायची, बाप पाहायचा. दातांवरून खरं वय काढायचं, कारण विकणारे वय वाढवून सांगतात म्हणजे पिल्लू लहान चणीचं वाटतं. पंजे आणि हाड पाहायचं. एवढं करूनही अंदाजच असतो. कमानीचं वचन देतो तो लबाड."

शेठला ठाण्यात आणलं. चौकशीत मारहाणीपेक्षा मला नेहमी प्रश्नांचा क्रम महत्त्वाचा वाटला. आरोपी घरून उत्तरं पाठ करून येतो. ती त्याला आधी म्हणू द्यावीत. शेठ आईबद्दल तयारीने आला होता. म्हणाला, मी 'ही आई' असं कधी म्हणालोच नाही, ती नमुना म्हणून होती, बायांनी ऐकताना घोळ केला, वगैरे. मी मान हलवत राहिलो. हवालदाराने चहा आणला. शेठने बशीत ओतला, फुंकर घातली. तेव्हा मी म्हटलं, "बरं, बाप कोण?"

"कुणाचा बाप?"

"पिल्लांचा."

बशी तशीच राहिली. आधी म्हणाला, बाप पुण्याला असतो. मग म्हणाला, हैदराबादला. मग साखळीचा कुत्रा राखणीचा आहे म्हणाला. मी पुन्हा तेच विचारलं, पुन्हा तेच. शेवटी तो असा चिडला की खरं तोंडातून निघून गेलं. "साहेब, वर्षभर धंदा केला. एका बाईनं विचारलं नाही की बाप कोण आहे! विचारलं असतं तर दाखवला असता."

हवालदाराच्या तोंडून शिवी गेली. मी त्याला अडवलं नाही.

आम्हाला वाटलं, झालं काम. पण पोलिसासमोर दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. का चालत नाही, ते मला नोकरीभर कळलेलं आहे, आणि तो कायदा बरोबर आहे असंही मी म्हणतो. पण त्या दिवशीचं ते वाक्य कानात असताना पुढचं जे झालं ते पाहणं म्हणजे हात चोळत बसणं होतं.

दोषारोपपत्र गेलं. मशीन बाईला सुपूर्दनाम्यावर, म्हणजे निकालापर्यंत सांभाळायला, मिळावी म्हणून अर्ज केला. शेठच्या वकिलाने हरकत घेतली की ती त्याने रीतसर विकत घेतली आहे. हुकूम झाला की निकाल लागेपर्यंत मशीन पोलिसांकडेच राहील. म्हणजे खटला जिंकला तर मशीन बाईची, हरला तर शेठची, इतकं सरळ झालं. कमान आणि मशीन मालखान्यात, ठाण्याच्या जप्त वस्तूंच्या खोलीत, शेजारीशेजारी उभ्या राहिल्या. कुत्री मात्र बाईकडेच दिली.

एक दिवस ती तेलाची कुपी घेऊन आली. म्हणाली, "साहेब, मशीनले तेल देऊ द्याल काय? बसून राह्यली का जाम होते ती." मालखाना कुणालाही उघडून देता येत नाही. मी हवालदाराला समोर उभं केलं, डायरीला नोंद घेतली आणि दार उघडायला सांगितलं. त्या दाराचं करकरणं ठाण्यात कुप्रसिद्ध होतं. बाई आत गेली, पदराने धूळ पुसली, एकेका छिद्रात थेंब सोडला, चाक हाताने फिरवून पाहिलं. दोरा नव्हता, कापड नव्हतं, नुसती सुई वरखाली होत राहिली. मग निघून गेली. त्यानंतर ती अशीच येत राहिली. आमच्या ठाण्यात तिला सगळे ताई म्हणायला लागले होते. हवालदार तर तिच्यासाठी चहा सांगायचा आणि कुत्रीसाठी बिस्किट. आता कुत्रीला पोटभर मिळत होतं. अंगावर मांस आलं, डोळे चमकायला लागले. उंची मात्र बोटभरही वाढली नाही. डॉक्टर म्हणाले की वाढीचं वय उलटलं, आता काही होणार नाही.

त्याच काळात एकदा मी तिला सरळ विचारलं. "ताई, हिला उपाशी ठेवली होती ना?"

तिने कुत्रीला मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "अर्धी पोळी द्या म्हने शेठ. मी पाव देल्ली. तेही पान्यात भिजवून, पोट फुगाव म्हनून. साहेब, मी जेवाले बसलो का ती माह्या ताटाकडं पाहे. मी पाठ करून जेवो." (आमच्याकडे बायाही 'बसलो', 'गेलो' म्हणतात.) "भावाच्या घरात माह्या ताटाकडं कोन कसं पाह्यते, ते मले ठाऊक हाये. तरी मी तसंच केलं."

खटला उभा राहिला तेव्हा गटातल्या बाया एकामागून एक फितूर झाल्या. शेठने कुणाला शेळी परत केली, कुणाच्या नवऱ्याला दम भरला. आई म्हणून दाखवलेली कुत्री? आठवत नाही. आई म्हणाला होता का? ऐकू नाही आलं. पिंजऱ्यातला शेठ खाली बघत होता, आणि हसू लपवायची त्याची धडपड मला स्पष्ट दिसत होती. डॉक्टरांनी नेटाने साक्ष दिली. पण उलटतपासात विचारलं गेलं, की आजाराने, जंतांनीही कुत्रं लहान राहू शकतं ना? डॉक्टर प्राण गेला तरी खोटं बोलणारे नव्हते. राहू शकतं, ते म्हणाले. मिस्त्री एकटा घट्ट उभा राहिला. त्याला वकिलाने विचारलं, "तुम्ही कुत्रा पाहिला. तो बाप आहे हे कशावरून ओळखलं?" कोर्टात हशा पिकला. मिस्त्री म्हणाला, "वकीलसाहब, हसू नका. तुमच्या बापाले पन लोकं पाह्यूनच ओळखत असतील ना?" न्यायाधीशांनी त्याला समज दिली. माझा जीव मात्र त्या दिवशी थोडा थंडावला.

राहिली ती बाई. सरकारी वकिलांनी तिला बजावून ठेवलं होतं की खाण्यापिण्याचं विचारलं तर फार बोलू नकोस, घरात होतं ते दिलं एवढंच म्हण. उपाशी ठेवली म्हणालीस तर प्राण्यांवरच्या क्रूरतेचा कायदा तुझ्यावरच येईल आणि आपली केस बुडेल. त्यांचं चूक नव्हतं. मीही तिला वेगळं काही सांगितलं नाही.

आरोपीच्या वकिलाने अर्ज केला की कमान आणि कुत्री दोन्ही कोर्टासमोर आणावी. परवानगी मिळाली. न्यायाधीश स्वतः व्हरांड्यात आले. खाली आवारात कमान उभी केली. पक्षकार, वकील, रसवंतीवाला, सगळे गोळा झाले. बाईने दोरी सोडली आणि पलीकडे जाऊन कुत्रीला हाक मारली. कुत्री शेपूट हलवत, मान ताठ ठेवून कमानीखालून निघाली. वर चार बोटं जागा शिल्लक होती. कुणीतरी टाळी वाजवली.

वकील म्हणाले, "महाराज, माझ्या अशिलाने लहान कुत्रीचं वचन दिलं. ही पाहा लहान कुत्री. फसवणूक कुठे आहे?"

बाईला कुणी काही विचारलं नव्हतं. ती कुत्रीला उचलून घेऊन उभी होती. ती एकदम बोलली, आणि असं बोलली की मागच्या गर्दीलाही ऐकू गेलं.

"साहेब, हे लहान नाई. हे उपाशी हाये. मी ठेवली उपाशी. हिचा बाप लय मोठा हाये, मी पाह्यला ठाण्याच्या लोकाईसंगं. ही बी मोठी झाली असती. कमानीत बसाव म्हनून मी हिले वाढू नाई देल्लं. मले काय सजा द्यायची ते द्या, पन हिले लहान म्हनू नका."

सरकारी वकिलांनी कपाळाला हात लावला. शेठ पहिल्यांदा वर बघायला लागला. त्याच्या वकिलाने तर तिथेच वहीत लिहायला सुरुवात केली. मी तिच्यापासून दहा पावलांवर गणवेशात उभा होतो, आणि मला त्या क्षणी तिचा अभिमान वाटला, पण पुढे काय होणार तेही मला माहीत होतं.

निकाल तसाच लागला. फिर्यादीनेच स्वतः कुत्रीची वाढ रोखल्याचं कबूल केलं, तेव्हा मूळ पिल्लू कसं वाढलं असतं हे ठरवता येत नाही. आरोपीची नियत सुरुवातीपासून वाईट होती हे निर्विवाद सिद्ध होत नाही. संशयाचा फायदा देऊन निर्दोष. मुद्देमाल ज्याच्या ताब्यातून जप्त केला त्याला परत. बाईवर क्रूरतेची कारवाई करा असा आग्रह शेठच्या वकिलाने धरला होता, ती झाली नाही, तेवढी दया न्यायालयाने दाखवली. निकालात कायद्याची चूक काढायला गेलो तर मला सापडत नाही. म्हणूनच तो मला गिळता येत नाही. खोटं बोलली असती तर जिंकली असती, ही गोष्ट त्या आवारातल्या प्रत्येकाला कळली होती, आणि घरी जाताना प्रत्येकाने तेवढीच बरोबर नेली.

हुकमाची अंमलबजावणी करणं आमचं काम. शेठ टेम्पो घेऊन आला. मी मालखाना उघडायला सांगितलं. आधी कमान गेली, कारण तीही त्याचीच. मग दोघांनी मशीन उचलून आणली. शेठने चाकाला बोट लावलं. चाक अलगद फिरलं, सुई आवाज न करता वरखाली झाली. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "वा साहेब. इतके दिवस पडून होती, पण काय छान ठेवली हो!"

मी पावतीवर त्याची सही घेतली आणि आत निघून गेलो. आणखी क्षणभर थांबलो असतो तर माझी वर्दी गेली असती.

बाई फाटकाजवळ उभी होती, कुत्री पायाशी. टेम्पो गेला, धूळ बसली, मग ती आत आली. हवालदाराने खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. पिशवीतून तेलाची कुपी काढून तिने टेबलावर ठेवली.

"हे राहू द्या इथं," ती म्हणाली. "त्या दाराले लावा. भल्लं करकरते."

पुढे ती उमरखेडकडे कुणाच्या तरी घरी कामाला गेली असं कळलं. कुत्री बरोबर नेली होती. शेठ म्हणे दुसऱ्या जिल्ह्यात कमान उभी करून बसला. मी त्या पोलीस ठाण्याला फोन केला, तिथले साहेब म्हणाले, अजून कुणाची तक्रार नाही.

प्राध्यापकांना मी शेवटी एवढंच सांगितलं. पिल्लू घ्यायचं असेल तर आई दाखव म्हणा, बापही दाखव म्हणा, दात डॉक्टरांना दाखवा. जो म्हणेल मी लिहून देतो एवढंच राहील, त्याच्या दारातून परत या. आणि जो म्हणेल खायला कमी घाला म्हणजे लहान राहील, त्याचं नाव मला आणून द्या. माझ्या हातात आता काही नाही, पण नाव द्या.

नोकरीने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. या प्रकरणाने शिकवलं की खोटं मोजायला कायद्याकडे माप असतं, पण त्या खोट्यापायी चांगल्या माणसाला जे करावं लागतं ते मोजायला काहीच नसतं. ते त्या बाईने स्वतःच भर आवारात मोजून दाखवलं आणि त्याची किंमतही तिनेच भरली. तेल हवालदाराने त्याच संध्याकाळी मालखान्याच्या बिजागऱ्यांना लावलं. माझी बदली होईपर्यंत ते दार एकदाही करकरलं नाही, आणि दर वेळी ते गुपचूप उघडलं की माझ्या तोंडाची चव जायची.